ऐकून झाल्यावर बटण कुणी बंद करायचं?

आजचा विषय तुम्हाला जरा किरकोळ वाटेल. पण याच विषयावरून आमच्या एका गटात फाटाफूट व्हायची वेळ आली होती, म्हणून मुद्दाम घेतलाय. घरातला रेडिओ, होम थिएटर, भजनाचा अँप्लिफायर, जे काही ऐकायचं यंत्र असेल ते, ऐकून झाल्यावर पूर्ण बंद करायचं, की पुढच्या वेळेपर्यंत तसंच चालू ठेवायचं?

शिरूर आणि दौंड, भीमेच्या दोन्ही अंगांच्या गावांतल्या बचत गटांच्या बैठकांना आम्ही जातो. न्हावऱ्यापासून केडगाव-चौफुल्यापर्यंत कितीतरी घरांत टीव्हीखाली होम थिएटर दिसतं. कुणाला लग्नात आलेलं, कुणी दिवाळीला ऊसाच्या बिलातून घेतलेलं. रिमोटनं बंद केलं की स्पीकर गप्प होतात, पण पुढच्या बाजूला बारकासा लाल दिवा राहतोच. आपण म्हणतो, बंद केलंय. ते बंद नसतं. रिमोटचा हुकूम कधी येतो याची वाट बघत आत थोडी थोडी वीज घेत बसलेलं असतं.

आमच्या ज्या गटाची गोष्ट आहे त्या गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या ताई हे ऐकत असतील. या गटानं स्वतःच्या बचतीतून एक जुना पण चांगला सेट घेतला होता. त्यात रेडिओ लागतो, पेनड्राइव्ह लागतो, माईकही लागतो. गुरुवारी दुपारी सगळ्या जमायच्या, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायच्या, मग हप्त्याचे पैसे गोळा व्हायचे. एकादशीला त्याच सेटवर भजन. सेट ठेवला होता एका ताईंच्या घरी, कारण त्यांची ओसरी मोठी. कुणी ठराव केला नव्हता. ओसरी मोठी, एवढंच कारण.

दोन वर्षं असं सुरळीत चाललं. मग एका मे महिन्यात गुरुवारचीच बैठक तीनच्या सुमाराला संपली, बाया घरोघरी गेल्या आणि चारला वळवाचा पाऊस वाऱ्यासकट आला. बाभळीची फांदी तारांवर पडली. गावातल्या काही घरांत बल्ब एकदम दिव्यासारखे मिणमिणते झाले आणि काही घरांत ट्यूब इतक्या पांढऱ्याफेक पेटल्या की बघवेना. त्या ताईंच्या घरात दुसरा प्रकार झाला. पंखा घोंगावायला लागला, आणि सेटमधून जळका वास.

हे का होतं ते आम्हालाही तोवर माहीत नव्हतं. वायरमननं समजावलं ते असं. खांबावर तीन फेजच्या तारा असतात आणि त्यांना मिळून एक न्यूट्रल. आपल्या घरात त्यातली एक फेज आणि तो न्यूट्रल येतो, म्हणून आपल्याला 230 व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात. मग ज्या घरांत त्या क्षणी वापर जास्त, तिथं दाब पडतो, आणि ज्या घरांत वापर कमी, तिथं तो चढतो. 300 काय, 400 च्या जवळपासही जातो. त्या ताईंच्या घरी एक पंखा आणि लाल दिव्यावर ठेवलेला सेट, एवढंच चालू होतं.

दुरुस्तीवाल्यानं पाठीमागचं झाकण उघडून दाखवलं. आतला ट्रान्सफॉर्मर जळालेला, बोर्डाचा कोपरा काळा. खर्च सांगितला बावीसशे. आणि जाता जाता बोलून गेला, की नुसता प्लग काढून ठेवला असता तर याला काही झालं नसतं.

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं रामायण झालं. पुढच्या बैठकीत बाया तुटून पडल्या. "गटाची वस्तू होती, जपायला नको का?" "स्वतःची असती तर अशी ठेवली असती का?" एकीनं तर बावीसशे रुपये त्यांच्या बचतीतून वळते करा असंही म्हटलं. आम्ही तिथंच होतो आणि आम्हीही, खरं सांगायचं तर, लगेच त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलो नाही. त्या ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या आणि आम्हाला आत घेऊन गेल्या. भिंतीवरचा बोर्ड बाजरीच्या पोत्यांच्या मागे होता. चार पोती हलवल्याशिवाय हात पोचत नव्हता. म्हणून रिमोट. दुसरं म्हणजे, दोन वर्षं त्या सेटचं लाइटबिल त्यांच्या घरात येत होतं. त्यावरून सासूबाई बोलत होत्या, मालक बोलत होते, आणि त्यांनी गटाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. हप्ता, व्याज, दंड, सगळं आम्ही पैशापैशानं लिहीत होतो, पण त्या वह्यांत याला रकाना नव्हता.

मग आम्ही ठरवलं, भांडण्याआधी मोजू. ही रीत तुम्हीही घरी करून बघा, काही खर्च नाही. आपल्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर 3200, काहींवर 1600. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा अर्धा तास बंद राहिला तर काही बिघडत नाही, दार मात्र उघडू नका. मोबाईलचे चार्जर काढा. फक्त जे मोजायचंय ते यंत्र चालू ठेवा आणि अर्धा तास मीटरपुढे पाटावर बसा. पोरांना हे काम फार आवडतं.

सेट दुरुस्त होऊन आला तेव्हा आम्ही असं बसलो. मीटर 3200 चं होतं. रिमोटनं बंद, लाल दिवा चालू: अर्ध्या तासात 13 वेळा लुकलुकला. म्हणजे तासाला 26, दिवसाला 624, महिन्याला 18,720. त्याला 3200 नं भागा. महिन्याला जवळजवळ सहा युनिट, सेट काहीही वाजत नसताना. मग रिमोटनं चालू केला, आवाज शून्यावर, नुसता गप्प. अर्ध्या तासात 38. महिनाभर तसाच ठेवला तर सतरा युनिट. आणि गटाचा सेट खरोखर वाजतो किती? आठवड्याला दोन-तीन तास. म्हणजे ऐकण्यापेक्षा न ऐकण्यातच जास्त वीज जात होती.

तुमच्या यंत्राचा आकडा वेगळा येईल. जुनी, जाड ट्रान्सफॉर्मरची यंत्रं जास्त घेतात. नवी बरीच कमी घेतात. युरोपात तर 2013 पासून नियमच आहे, की असं वाट बघत बसलेल्या नव्या यंत्रानं साधारण अर्ध्या वॅटच्या वर वीज घ्यायची नाही. एखाद्या यंत्रानं मीटरचा दिवा अर्ध्या तासात एकदाही लुकलुकला नाही, तर बिलापुरती त्याची काळजी सोडून द्या. ध्यानात ठेवायला सोपा हिशेब सांगतो: एक वॅट घेणारी वस्तू वर्षभर चालू राहिली की पावणेनऊ युनिट होतात.

आता सहा युनिटांचे पैसे किती? त्यांच्या घरचं बिल शंभर युनिटांच्या आत असायचं, त्या हिशेबानं महिन्याला चाळीसएक रुपये. ज्यांचं बिल शंभराच्या पुढं जातं त्यांना हेच जवळजवळ दुप्पट पडतं, कारण महावितरणच्या घरगुती दरात पहिले शंभर युनिट स्वस्त आणि 101 ते 300 महाग. इथं बायांचा एक गैरसमज आहे तो काढून टाकू. 101 वं युनिट झालं म्हणून आधीचे शंभर महाग होत नाहीत. वरचे जेवढे, तेवढ्यांनाच वरचा दर. पण हे लाल दिव्याचे युनिट बरोबर त्या वरच्या दरातच मोजले जातात, हेही खरं.

महिन्याला चाळीस रुपये म्हणजे फार नाही असं कुणी म्हणेल. दोन वर्षांचे हजाराजवळ जातात. त्या ताईंचा गटातला महिन्याचा हप्ता शंभर रुपये होता. हिशेब ऐकल्यावर बैठकीत जरा शांतता झाली.

तरी एक वाद उरलाच. गावातला माईकवाला म्हणत होता, की मशीन सारखं बंद-चालू करू नये, त्यानं आयुष्य कमी होतं. गरम राहिलेलं बरं. हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. हे म्हणणं अगदी हवेतून आलेलं नाही. पूर्वीचे रेडिओ व्हॉल्व्हचे होते. काचेच्या नळ्या तापायला अर्धा-एक मिनिट लागायचं, मग आवाज यायचा, आणि गार-गरम होण्यानं नळ्यांवर ताण पडायचा. ते रेडिओ गेले, म्हण राहिली. आताच्या यंत्रांना तापायची गरज नाही. उलट आतल्या कपॅसिटरना उष्णताच मारक. ती नळकांडीसारखी बारकी असतात, त्यांच्या आतला ओलावा उष्णतेनं हळूहळू आटतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पत्र्याच्या घरात आधीच काय तापमान असतं ते सांगायला नको. त्यात मशीन दिवसरात्र चालू, वर कुंच्यासारखं भरतकामाचं कापड टाकलेलं. ते कापड तरी आधी काढा.

माईकवाल्याच्या बोलण्यात खरं आहे ते एवढंच, की दर पाच मिनिटांनी खटखट बंद-चालू करू नये, आणि चालू-बंद करायचा क्रम असतो. आवाज शून्यावर आणा. आधी रेडिओ, मिक्सर, मोबाईल काय जोडलं असेल ते चालू करा, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना उलटं, आधी अँप्लिफायर. क्रम चुकला की स्पीकरमधून "धप्प" असा आवाज येतो. तो धक्का स्पीकरच्या पडद्याला बसतो. भजनाच्या मध्ये चहाला उठलात तर बंद करायची गरज नाही, आवाज खाली करा. भजन संपलं की मात्र बंद.

आणि बंद म्हणजे प्लग काढून. भिंतीवरचं बटण एकच तार तोडतं, दुसरी जोडलेलीच राहते. जुन्या घरांत वायरिंग उलटसुलट झालेलं असतं, तिथं कुठली तार तुटली हेही सांगता येत नाही. प्लग काढला की दोन्ही सुटतात. डिशची किंवा केबलची तार सेटला जोडलेली असेल तर तीही काढा, वीज तिथूनही येते. पण हे आभाळ भरून आलं की करायचं. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नका, मग सेट गेला तर जाऊ द्या. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलेलं "दामिनी" नावाचं ॲप मोबाईलवर असतं, आपल्या भागात वीज पडण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगतं. गटात एकीच्या तरी मोबाईलवर असू द्या.

वस्तीवर राहणाऱ्यांना तर हे जास्तच लागू. शेतीच्या लाइनवर थ्री फेज आली की शिवारातल्या सगळ्या ऑटोवरच्या मोटारी एका दमात सुरू होतात. दाब खाली बसतो, मग वर उडी मारतो. लाइट गेली की आपण सेट चालू आहे हे विसरतो, आणि परत येते ती अशी येते. कुणी म्हणेल स्पाइक गार्ड आहे. तो चांगलाच आहे, क्षणभराचा झटका पेलतो. न्यूट्रल तुटल्यावर मिनिटंच्या मिनिटं टिकणारा जादा दाब त्याला पेलत नाही.

इथं आम्हाला बेट भागातल्या बायांनी थांबवलं. टाकळी हाजी, कवठे येमाई, पिंपरखेड, जांबूत, हा पट्टा तुम्हाला माहीत आहे. ऊस घरापर्यंत आलेला, आणि उसात बिबट्या. इथं माणसं गेलीत, लेकरं गेलीत. दौंडच्या बाजूलाही हल्ले झालेत. त्या म्हणाल्या, "तुम्ही बंद करा म्हणता, आम्ही तर रात्रभर रेडिओ मुद्दाम चालू ठेवतो." यावर आम्ही काय बोलणार? अंधारात बाहेर पडताना मोबाईलवर किंवा रेडिओवर मोठ्यानं काहीतरी लावा, हे वनखात्याचे लोकच सांगतात. गोठ्यात जाताना, मोटार चालू करायला जाताना रेडिओ बरोबर घ्या, वाजू द्या. पण त्यासाठी लाइटवरचा मोठा सेट नको, सेलवरचा किंवा चार्जिंगचा छोटा रेडिओ घ्या. तो लाइट गेल्यावर बंद पडत नाही, आणि बिबट्याची भीती लाइट गेल्यावरच जास्त असते. ओसरीत एकाच जागी रात्रभर वाजणाऱ्या आवाजावर मात्र विसंबू नका. तोच आवाज तिथंच रोज आला की जनावर त्याला सरावतं. लेकरू अंगणात एकटं न सोडणं, बाहेरचा दिवा, गोठ्याला दार, याच्या जागी रेडिओ चालणार नाही.

बॅटरीवरच्या वस्तूंचं जरा वेगळं आहे, तेही सांगून टाकतो. चाकं लावलेले ट्रॉली स्पीकर आता हळदी-कुंकवाला सगळीकडे दिसतात. त्यांतल्या बऱ्याच जणांत गाडीसारखी लेड-ॲसिडची बॅटरी असते. ते चालू राहून पार उतरले आणि तसेच महिनाभर कोपऱ्यात पडले, की बॅटरी मेली. वापरून झालं की बटण बंद, लगेच चार्ज, आणि वापर नसला तरी महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा चार्ज. चार्ज झाल्यावर प्लग काढायचा. आणि सेलचा रेडिओ पावसाळाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या खातात.

एक जुनी गोष्ट या निमित्तानं आठवली. 1956 साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला होता. पुण्यासह पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत रेडिओ ऐकणारी मंडळं बसवली, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला. पुढे 1959 पासून ते देशभर गेलं. त्याची रीत साधी होती: अर्धा तास सगळ्यांनी मिळून ऐकायचं, मग ऐकलेल्यावर आपापसात बोलायचं. नुसतं ऐकून उठायचं नाही. आमच्या गुरुवारच्या बैठकीत आम्ही बरोबर उलटं करत होतो. कार्यक्रम संपला तरी सेट चालूच, मागं गाणी, आणि त्या आवाजावरून ओरडून हप्त्याचा हिशेब. कर्ज का थकलं हे एखादीला हळू आवाजात सांगायचं असेल तर ती कशी सांगेल? बावीसशे रुपये गेल्यावर आम्हाला हे कळलं. आता कार्यक्रम संपला की प्लग निघतो आणि मग बोलणं सुरू होतं. गेल्या तीन-चार महिन्यांत दोघींनी अशा गोष्टी सांगितल्या ज्या आधी कधीच बैठकीत आल्या नव्हत्या. त्या इथं सांगत नाही.

आता गटाचं काय झालं. दुरुस्तीचे बावीसशे गटाच्या दंडाच्या खात्यातून दिले. मागच्या दोन वर्षांच्या लाइटबिलापोटी ताईंना नऊशे रुपये द्यायचा ठराव झाला, तो सहजासहजी झाला नाही. चौघी विरोधात होत्या आणि त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं: प्लग काढला असता तर हे बिल आलंच नसतं. ताईंनी पैसे घेतले, पण सेट परत घरी ठेवायला त्या तयार झाल्या नाहीत. आम्ही दोनदा समजावलं, त्यांनी दोन्ही वेळा चहा दिला आणि नाही म्हटलं. आता सेट समाजमंदिराशेजारच्या एका वहिनींच्या घरी आहे. बोर्ड हाताच्या उंचीवर घेतलाय, त्याच्या मागे-पुढे पोती नाहीत. गटाकडून त्यांना महिन्याला वीस रुपये वीजखर्च जातो आणि प्रोसिडिंगच्या वहीत बैठक संपल्याच्या वेळेखाली एक ओळ असते: प्लग काढला, आणि पुढं काढणारीची सही. दर गुरुवारी वेगळी बाई. पहिल्या ताई अजून बैठकीला येतात, पण दाराजवळ बसतात. मागच्या गुरुवारी सहीची पाळी त्यांची होती. त्यांनी प्लग काढला, सही केली आणि वहिनींना म्हणाल्या, "ते वरचं कापड काढ गं आधी."

तुमच्या गटाची अशी एखादी सामायिक वस्तू असेल, सेट असो, शेवयांचं यंत्र असो की पिठाची गिरणी, तर ती कुणाच्या घरी आहे आणि तिचं लाइटबिल कोण भरतंय, हे येत्या बैठकीत विचारून बघा. आणि मीटरपुढे अर्धा तास बसलात तर आकडा आम्हाला नक्की कळवा: यंत्र कुठलं, अर्ध्या तासात दिवा किती वेळा लुकलुकला, आणि मीटरवर 3200 आहे की 1600. आलेले आकडे पुढच्या वेळी इथंच वाचून दाखवू.